बॅगेत काय आहे?

“बॅगेत काय आहे?” असं विमानतळावर कुणी विचारलं, की काही गृहस्थांची विनोदबुद्धी एकाएकी जागी होते. एरवी घरात ज्यांच्या तोंडून विनोद फुटत नाही, ते हसत सांगतात, “बॉम्ब!” (सुकं खोबरं म्हणाले असते, तरी बॅग उघडावी लागली असती, ती गोष्ट वेगळी.)

समोरच्या कर्मचाऱ्याला मात्र हसायची मुभा नसते. तो वरिष्ठांना कळवतो, सुरक्षा दलाचे जवान येतात, गृहस्थांना बाजूला घेतात. प्रवासी विमानात बसलेले असले तर उतरवले जातात, सामान पुन्हा तपासलं जातं, श्वानपथक हुंगून जातं. ऑगस्ट २०२२ मध्ये मंगळूरहून मुंबईला निघालेल्या विमानात तर कुणी तोंडही उघडलं नव्हतं. एका तरुणाचा मैत्रिणीशी मोबाईलवर चेष्टेचा संवाद चालला होता. तो एका प्रवासी बाईंच्या नजरेस पडला. विमान सुमारे सहा तास रखडलं.

“चेहऱ्यावरून कळत नाही का, थट्टा आहे ते?” असं अशा वेळी ऐकू येतं. बँकेत माझी उभी हयात गेली. ओळखीच्या व्यापाऱ्यानं नोटांचं बंडल सरकवून “मोजू नका हो, घरचंच आहे” म्हटलं, तरी रोखपाल ते मोजतोच. त्यात अविश्वास नसतो. त्या खुर्चीत बसल्यावर ओळख विसरायची असते, एवढंच.

२२ जून १९८५ रोजी कॅनडात, व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसानं हट्ट धरला की, माझी बॅग थेट एअर इंडियाच्या विमानापर्यंत पाठवा. त्याचं पुढचं आरक्षण पक्कं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी आधी चक्क नकार दिला. तो वाद घालत राहिला आणि अखेर त्यांनी बॅग घेतली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोरोंटोला सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र नेमकं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ३२९ माणसं गेली. त्या बाईंनाही समोर एक घाईतला, चिडलेला प्रवासीच दिसला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरच्या खोट्या धमक्यांनी आपल्याकडची शेकडो उड्डाणं वेठीला धरली. त्यानंतर डिसेंबरात नियम कडक झाले. अफवा पसरवणाऱ्याला दंड करण्याची, विमानातून उतरवण्याची तरतूद झाली. चांगलंच झालं. पण दंडाची रक्कम सरकारजमा होते. वाया गेलेले तास कुणाच्या खात्यावर जमा होत नाहीत. त्याच विमानात एखादा मुलगा बापाच्या अंत्यदर्शनाला निघालेला असतो, आणि गावाकडे अंगणात जमलेली माणसं घड्याळ बघत, अजून किती वेळ थांबायचं, ते एकमेकांना हळू आवाजात विचारत असतात.