कारणाविना कोंडी

महामार्गावर वाहनांची रांग अकस्मात थबकते. मालाची वेळ टळते, डिझेल जळत राहते; आणि पुढे जाऊन पाहावे तर ना अपघात, ना खोदकाम!

पुढील वाहनाचे अंतर पाहून चालक वेग बदलतो, पण किंचित विलंबाने. एवढेच गृहीत धरून गणितज्ञ समीकरणे मांडतात. त्यांतून निष्पन्न होते ते असे, की वाहनांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे समान वेगाची रांग टिकूच शकत नाही. एकाने ब्रेकला हलकासा स्पर्श केला, की मागचा अधिक जोराने दाबतो, त्याच्या मागचा त्याहून अधिक. अखेर कोणीतरी पूर्ण थांबतो. त्याला दूषणे देण्यात अर्थ नाही.

जपानमध्ये युकी सुगियामा व सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष दाखविले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी ताशी ३० किलोमीटर वेगाने चालवायच्या होत्या. अडथळा कोणताही नसताना कोंडी उद्भवली आणि ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली.

पुढे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अशाच वर्तुळात वीसहून अधिक मोटारींपैकी एकच संगणकाच्या साहाय्याने संथ, समान वेगाने चालविली गेली. लाट विरली, सर्व मोटारींचा मिळून इंधनखर्च ४० टक्क्यांपर्यंत घटला.