पाण्यावरचा दिवा : मत्स्यपेटीतील होल्डर का बिघडतो व कसा बदलावा

वाराणसीस केदार घाटापासून गंगेच्या काठाने उत्तरेकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर राजा घाट लागतो. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे ह्यांच्या नावावरून त्यास अमृतराव घाट असेही म्हणत. इंग्रजांकडून सालिना सात लक्ष रुपयांचे वेतन स्वीकारून अमृतरावांनी काशीवास पत्करला आणि १८२४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. कार्तिक महिन्यात काशीच्या घाटांवर वेळूच्या उंच काठ्यांना आकाशदीप टांगतात आणि द्रोणांतून पणत्या प्रवाहात सोडतात. अशी पणती कलंडली तर ती विझते, एवढेच. पाणी दिव्याला शांत करते आणि पाण्याजवळ उभ्या असलेल्या माणसास त्यापासून काही भय नसते.

विजेच्या दिव्याची गोष्ट अगदी निराळी आहे. तो पाण्याने विझेलच असे नाही. उलट, त्याची वीज पाण्यात उतरून तेथे गुप्तपणे वास करू शकते. काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ओळखला पाहिजे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. अशा मत्स्यालयांत पाहणारा अंधाऱ्या जागी उभा असतो व प्रकाश वरून पाण्यावर पडतो. त्यामुळे माशांचे रंग खुलून दिसतात. घरगुती पेटीतही हीच योजना असते. झाकणाच्या आत दिवा बसवितात आणि त्याच्याखाली चार-सहा अंगुळांवर पाणी असते. पाण्याची वाफ झाकणात कोंडते व दिवा मालवला की थंड होऊन होल्डरवर दवासारखी साचते. हवेच्या बुडबुड्यांबरोबर उडणारे तुषार वाळले की क्षारांचा पांढरा थर मागे राहतो.

होल्डरातील स्पर्शबिंदू बहुधा पितळेचे असतात. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. दमट व खारट हवेत होल्डरातील पितळेवरही असाच हिरवट कळंक चढतो. कळंक हा विजेचा चांगला वाहक नव्हे. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्ट दाबावर सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. चांगल्या होल्डरात स्पर्शाचा रोध एका ओहमचा अल्पसा अंश असतो. कळंकामुळे तो ५० ओहम झाला, तर त्या एका बिंदूशी सुमारे ३ वॅट उष्णता निर्माण होऊ लागते. वाटाण्याएवढ्या धातूला ती पुष्कळ होते. स्प्रिंग मऊ पडते, स्पर्श आणखी सैल होतो, बारीक ठिणग्या उडतात, आणि भोवतालचे बेकलाइट करपून कोळशासारखे होते. कोळसा तर विजेला वाट देतो! अशा रीतीने जो भाग वीज अडविण्यासाठी योजलेला, तोच तिचा मार्ग बनतो.

दिवा लुकलुकू लागला की बहुतेक लोक बल्बला दोष देतात. परंतु तोच बल्ब दुसऱ्या, निर्दोष होल्डरात स्थिर प्रकाश देत असेल, तर दोष होल्डरचा आहे असे समजावे. चाकूने कळंक खरवडून काम चार दिवस चालते. तथापि स्पर्शबिंदूवर कथिलाचा मुलामा असल्यास तोही त्याबरोबर निघून जातो, आणि पुढचा कळंक अधिक लवकर चढतो. म्हणून होल्डर बदलणे हाच खरा उपाय होय.

ह्या ठिकाणी एक घातक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मासे सुखाने पोहत आहेत, त्याअर्थी पाण्यात वीज नाही,’ असे अनुमान पुष्कळ जण काढतात. ते चूक आहे. काच वीज वाहू देत नाही. पाण्याचा जमिनीशी संबंध नसेल, तर सर्व पाणी एकाच दाबावर राहते, आणि माशाच्या शरीरातून प्रवाह जाण्यास कारणच उरत नाही. विजेच्या एकाच तारेवर बसलेला पक्षी ह्याच कारणाने सुरक्षित असतो. परंतु जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने त्याच पाण्यात हात घातला की त्याच्या देहातून जमिनीकडे वाट मिळते. ओल्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हृदयाचे स्पंदन बिघडविण्यास तो पुरेसा आहे.

ह्यासाठी होल्डर बदलण्याचे काम जाणत्या प्रौढाने किंवा विद्युत्‌कामगाराने करावे. विद्यार्थ्यांनी ते केवळ पाहावे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण चुकीच्या जोडणीत बटण भलत्याच तारेवर असू शकते. दिवा, पंप व हीटर ह्या सर्वांचे प्लग काढून घ्यावेत. बल्ब थंड झाल्यावर झाकण उचलून कोरड्या लाकडी टेबलावर न्यावे. कोणती तार कोठे जोडली होती ह्याची नोंद करून जुना होल्डर सोडवावा. तांब्याची तार काळी पडली असेल तर चकचकीत भाग लागेपर्यंत ती कापावी.

नवा होल्डर त्याच मापाचा व तितक्याच दाबाचा, शक्यतो रबरी कडे असलेला व ओलावा रोखणारा घ्यावा. तारेचे सर्व धागे पिळून स्क्रूखाली घट्ट बसवावेत. एकही धागा बाहेर राहू नये. आट्यांच्या होल्डरात जिवंत तार मधल्या बिंदूस व न्यूट्रल तार आट्यांच्या कड्यास जोडावी. ह्यात उलटापालट झाली तर बल्ब फिरविताना बोट जिवंत धातूला लागण्याची भीती असते. झाकण धातूचे असेल तर त्यास अर्थिंग हवेच. दिवा व पाणी ह्यांच्यामध्ये काचेचा पडदा ठेवावा. भिंतीकडे जाणाऱ्या तारेस प्लगच्या खाली उतरणारा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकून जाईल आणि प्लगमध्ये शिरणार नाही. झाकण कोरड्या टेबलावर असतानाच दिवा लावून पाहावा. नंतर प्लग काढून झाकण पेटीवर ठेवावे.

आजचे एलईडी दिवे वीज कमी खातात. परंतु ते होल्डरात बसविले असले, तर होल्डरातील दाब पूर्वीइतकाच, २३० व्होल्ट राहतो. निराळ्या अडॅप्टरवर चालणारे १२ व्होल्टचे दिवे त्या मानाने पुष्कळ निर्धोक होत. घराच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसविल्यास आणखी एक रक्षक लाभतो. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत तेवढा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. तरीही पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय सोडू नये. यंत्र कधीतरी निकामी होऊ शकते, पण काढलेल्या प्लगमधून वीज येऊच शकत नाही.