बॅटर्सी कुणाची?

माझा पासपोर्ट भारतीय आहे आणि मी ब्रिटनच्या संसदेसाठी मत देते. डोंबिवलीतल्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग आवाज खाली करून विचारतात, "कायदेशीर आहे ना गं?" अगदी कायदेशीर आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल, तर त्याला हाउस ऑफ कॉमन्सच्या निवडणुकीत मतदान करता येतं. २०२३ पासून मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, तिथे आपला निळा पासपोर्टही चालतो. बोटाला शाई नाही की यंत्राचा आवाज नाही. मतपत्रिका, पेन्सिल आणि उमेदवाराच्या नावापुढे एक फुली, एवढ्यात काम होतं.

माझा मतदारसंघ बॅटर्सी. थेम्सच्या दक्षिण काठावरचा, चार पांढऱ्या चिमण्यांच्या वीजकेंद्रामुळे ओळखला जाणारा. मी हिशेबनीस आहे, आकडे वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ज्या जागेसाठी आपण फुली मारतो, तिथे आधी कोण कितीने जिंकलं, हे बघायची खोड लागली. आणि हा ताळेबंद भलताच रंगतदार निघाला.

१८८५ मध्ये बॅटर्सीला स्वतःचा खासदार मिळाला, तो लिबरल पक्षाचा ऑक्टेव्हियस व्हॉन मॉर्गन. इथल्या प्रसिद्ध मुशी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालक घराण्यातला. सात वर्षांनी ती जागा जॉन बर्न्सकडे गेली. हा माणूस पेशाने यंत्रकामगार, १८८९ च्या लंडन गोदी संपाचा पुढारी. मालकाच्या जागी कामगार! बॅटर्सीत तेव्हा रेल्वेची कर्मशाळा होती, गॅसचे कारखाने होते, मेणबत्त्यांचा कारखाना होता. बर्न्स पुढे मंत्रिमंडळात गेला आणि ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्धात उतरण्याचा निर्णय पटला नाही म्हणून, मंत्रिपद सोडून मोकळा झाला.

१९१८ मध्ये मतदारसंघाचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. त्याच वर्षी तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना, काही अटींवर, मताचा हक्क मिळाला. उत्तर बॅटर्सी म्हणजे नदीकाठची, धुराची, गरिबांची बाजू. इथेच आपल्या मुंबईचा माणूस येतो: शापूरजी सकलातवाला. १८७४ मध्ये मुंबईत जन्मलेला, सेंट झेवियर्समध्ये शिकलेला, जमशेटजी टाटांचा सख्खा भाचा. प्लेगच्या काळात मुंबईत त्याने हाफकिन यांच्याबरोबर काम केलं होतं. विलायतेत येऊन हा टाटांचा भाचा कम्युनिस्ट झाला, आणि १९२२ मध्ये मजूर पक्षाच्या तिकिटावर उत्तर बॅटर्सीतून निवडून आला. त्याच्या प्रचाराची सूत्रं जॉन आर्चर सांभाळत होता. हा कृष्णवर्णीय गृहस्थ १९१३ मध्येच बॅटर्सीचा महापौर झाला होता. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या कामगारांच्या वस्तीत उमेदवार पारशी आणि प्रचारप्रमुख कृष्णवर्णीय, हे मला आजही नवलाचं वाटतं.

आता आकडे. १९२२ मध्ये सकलातवालांना ११,३११ मतं पडली आणि ते २,०२१ मतांनी जिंकले. १९२३ मध्ये त्यांना १२,३४१ पडली, म्हणजे हजारावर जास्त, आणि ते १८६ मतांनी हरले! कारण या वेळी तिसरा उमेदवार नव्हता आणि विरोधातली सगळी मतं लिबरल हॉगबिनच्या पदरात गेली. १९२४ मध्ये ते उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले, १५,०९६ मतं मिळवून ५४२ ने जिंकले आणि संसदेतले एकमेव कम्युनिस्ट सदस्य झाले. तिन्ही वेळा मतं चढतीच, निकाल मात्र जीत, हार, जीत. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, ही पद्धत आपण ब्रिटनकडूनच उचलली. तिच्यात आपल्याला किती मतं पडली यापेक्षा समोरची मतं कशी वाटली गेली याला जास्त किंमत असते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

१९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या सुमारास हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणासाठी सकलातवालांना दोन महिन्यांचा तुरुंगवास झाला. पण त्यांची जागा गेली ती घरच्याच भांडणामुळे. मजूर पक्षाच्या श्रेष्ठींना कम्युनिस्ट नकोसे झाले होते. त्यांनी बॅटर्सीची शाखा बरखास्त करून नवी उभी केली आणि १९२९ मध्ये विल्यम सँडर्सना उमेदवारी दिली. सकलातवाला तिसऱ्या क्रमांकावर गेले. सँडर्सच्या प्रचाराची सूत्रं कुणाकडे होती? त्याच जॉन आर्चरकडे. आपल्याकडच्या पक्षांतरांना नावं ठेवताना हे आठवावं.

१९४६ च्या पोटनिवडणुकीत इथून डग्लस जे आले आणि ३७ वर्षं हलले नाहीत. त्या काळात नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांमध्ये राहणारा कामगार हा बॅटर्सीचा कणा होता. जे हे युरोपच्या सामायिक बाजारपेठेचे कट्टर विरोधक, आणि १९७५ च्या सार्वमतात त्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार केला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८३ मध्ये वीजकेंद्र बंद पडलं. त्याच वर्षी उत्तर आणि दक्षिण हे तुकडे नकाशावरून गेले आणि एकच बॅटर्सी मतदारसंघ आला. पण खरी उलथापालथ घरांमध्ये चालली होती. १९७८ पासून वँड्सवर्थ पालिका हुजूर पक्षाकडे होती. तिने पालिकेची घरं धडाक्याने विकायला काढली, कर कमी ठेवला, आणि शहरातल्या बँकांमध्ये काम करणारी तरुण मंडळी या बाजूला राहायला येऊ लागली. १९८७ मध्ये मजूर पक्षाचे आल्फ डब्ज, जे लहानपणी नाझींपासून वाचवलेल्या मुलांच्या गाडीने प्रागहून आले होते, ते ८५७ मतांनी पडले आणि बॅटर्सी हुजूर पक्षाकडे गेली. जुन्या कामगारांचं मन पालटलं, असं अनेकांनी लिहिलं. मला वाटतं, कामगारांपैकी पुष्कळ जण इथे उरलेच नव्हते.

तिथून ही जागा झुलतच राहिली. १९९७ मध्ये मजूर पक्षाचे मार्टिन लिंटन आले, २००५ मध्ये जेमतेम १६३ मतांनी तरले, २०१० मध्ये हुजूर पक्षाच्या जेन एलिसन जिंकल्या. २०१५ ला त्यांचं मताधिक्य ७,९३८ होतं. मग आला ब्रेक्झिट. वँड्सवर्थमध्ये ७५ टक्के लोकांनी युरोपात राहायचा कौल दिला. ज्या पैसेवाल्या, शिकलेल्या तरुणांनी बॅटर्सी हुजूर पक्षाच्या खिशात घातली, त्यांच्याच धाकट्या भावंडांनी चिडून २०१७ मध्ये ती काढून घेतली. मजूर पक्षाच्या मार्शा डी कॉर्डोव्हा २,४१६ मतांनी जिंकल्या आणि २०२४ मध्येही त्यांनीच जागा राखली. डग्लस जे यांचा पक्ष पुन्हा विजयी झाला, तो मात्र त्यांचं मत न पटणाऱ्यांच्या जोरावर.

म्हणून "बालेकिल्ला" हा शब्द मला पटत नाही. किल्ल्याच्या भिंती तिथेच असतात, आतली माणसं घरभाड्याच्या हिशोबाने येतात-जातात. जुन्या वीजकेंद्रात २०२२ पासून झगमगीत दुकानं आहेत, नाइन एल्म्सला अमेरिकेची वकिलात आहे, भोवती काचेचे मनोरे आणि त्यांत माझ्यासारखे भाडेकरू. आमच्यातल्या कित्येकांची नावं मतदारयादीत नसतात, कारण दर एक-दोन वर्षांनी पत्ता बदलतो आणि नोंदणी राहून जाते. पुढच्या निवडणुकीत इथे काय होईल, असं कुणी विचारलं तर मी मतचाचण्या उघडत नाही. इस्टेट एजंटच्या खिडकीतले भाव वाचते आणि यादीत आपलं नाव आहे का ते आधी तपासते.