चौघांचं घर, नावं चार!

एक कोडं सोडवा बरं! समजा, आइसलँडमधल्या एका घरात चौघं राहतात. बाबा योन मॅग्नुसन, आई आन्ना एइनार्सदोत्तिर, मुलगा ओलाफुर योन्सन आणि मुलगी गुद्रून योन्सदोत्तिर. शेवटचं नाव प्रत्येकाचं वेगळं, पण कुटुंब एकच. कसं काय?

उत्तर सोपं आहे. 'सन' म्हणजे मुलगा, 'दोत्तिर' म्हणजे मुलगी. योनचा मुलगा योन्सन, योनची मुलगी योन्सदोत्तिर. आई मात्र तिच्या वडिलांची, म्हणजे एइनारची मुलगी. लग्न झालं तरी तिचं नाव बदलत नाही! काही मुलं तर आईच्या नावापुढे 'सन' किंवा 'दोत्तिर' लावतात. बहुतेकांना आडनावच नाही, म्हणून तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीतही माणसं पहिल्या नावाने शोधायची.

पूर्वी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इथेही हीच रीत होती. इ.स. १०००च्या सुमारास जहाजातून उत्तर अमेरिका गाठणारा लेइफ एरिकसन कोणाचा मुलगा? बरोबर, एरिकचा! पुढे पिढ्यान्‌पिढ्या एकच आडनाव चालावं, असे कायदे झाले. डेन्मार्कमध्ये १८२८ साली तसं फर्मान निघालं, नॉर्वेत १९२३ साली कायदा आला. म्हणून आज डेन्मार्कमधल्या येन्सन आडनावाच्या मुलीच्या बाबांचं नाव येन्स असेलच असं नाही. आणि गंमत म्हणजे, आडनावाचा अर्थ 'येन्सचा मुलगा' असला तरी ते मुलीही लावतात!

स्वीडनच्या सैन्यात वेगळीच अडचण होती. एकाच तुकडीत कितीतरी अँडरसन! हाक मारली की सगळेच वळायचे. मग सैनिकांना छोटी, खणखणीत नावं मिळाली: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, स्वेर्ड म्हणजे तलवार. नॉर्वेत अनेकांनी आपल्या शेतवाडीचं नाव घेतलं. हाउगेन म्हणजे टेकडी, बाकेन म्हणजे उतार.

सगळ्यात सुंदर गोष्ट स्वीडनच्या निल्सची. विद्यापीठात शिकायला जाताना त्याला आडनाव हवं होतं. त्याच्या घराण्याच्या जमिनीवर लिंडेनचं एक प्रचंड झाड होतं. त्यावरून त्याने आडनाव घेतलं लिनेयस. त्याचाच मुलगा कार्ल लिनेयस मोठा शास्त्रज्ञ झाला. झाडावरून आडनाव मिळालेल्या या माणसाने हजारो झाडांना आणि प्राण्यांना शास्त्रीय नावं दिली. १७५३ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात आपला आंबासुद्धा आहे: मॅन्जिफेरा इंडिका!