दूधवाल्याची गाडी

ऐंशीच्या दशकातली नागपूरची धंतोली पहाटे राजदूतच्या आवाजाने जागी व्हायची. पाचच्या सुमारास वर्धा रोडकडून एक डगडग यायची, पार्काजवळच्या वळणावर रेस सोडली की सायलेन्सरातून पोकळ टणटण ऐकू यायची, आणि घराघरांतून पातेली बाहेर निघायची. आई दूधवाल्यांना गवळीभाऊ म्हणायची. गवळीभाऊ गाडी स्टँडवर लावायचे, पण इंजिन बंद करायचे नाहीत. मागच्या लोखंडी कॅरिअरला दोन्ही बाजूंनी टांगलेले दुधाचे कॅन त्या थरथरीने एकसारखे कापत असायचे. कच्च्या दुधाचा आणि जळक्या ऑइलचा असा एकत्र वास मला पुन्हा कुठे आला नाही. आता त्या गल्लीत बहुतेक दवाखानेच आहेत, आणि पहाटे आवाज येतो तो ॲम्ब्युलन्सचा.

आज जुन्या मोटारसायकलींवर प्रेम करणारे खूप झाले आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात. आरएक्स १०० चा आवाज ऐकून पन्नाशीतली माणसं रस्त्यात थांबतात. बुलेटबद्दल तर बोलायलाच नको. या सगळ्या कौतुकात राजदूत १७५ मात्र कुठेच नसते. माझ्या मते विदर्भातल्या खेड्याला शहराशी जोडण्याचं काम इतकं मन लावून दुसऱ्या कोणत्याही दुचाकीने केलेलं नाही.

तिचा जन्म दूरचा. नंदा बंधूंनी १९४४ मध्ये लाहोरला एस्कॉर्ट्स कंपनी सुरू केली. फाळणीनंतर सगळा डाव पुन्हा मांडावा लागला, आणि पुढे फरिदाबादला त्यांचे कारखाने उभे राहिले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पोलंडच्या उर्सुस कंपनीच्या मदतीने ट्रॅक्टर बनवायला घेतले, आणि मोटारसायकलही पोलंडचीच घेतली : एसएचएल एम-११. देशाकडे परकीय चलन तुटपुंजं होतं आणि पूर्व युरोपातल्या देशांशी रुपयात व्यवहार होत असे, तो हा काळ. त्याच सुमारास रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवायला सुरुवात केली. त्यामुळे आपल्या रस्त्यांवरच्या दोन मोठ्या टू-स्ट्रोक गाड्या पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या शेजारी देशांतून आल्या. युद्धात होरपळलेल्या देशांनी कामकरी माणसासाठी बनवलेल्या त्या गाड्या होत्या. देखणेपणापेक्षा टिकाऊपणा त्यांच्यात आधी भरलेला होता.

राजदूतचं इंजिन १७३ सीसीचं, एका सिलिंडरचं, गिअर तीन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंपही नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला चाळीस-पन्नास मिली. पंपावरचा पोऱ्या मापाने ऑइल टाकीत ओतायचा आणि गाडीवाला गाडी दोन्ही पायांत धरून हलवायचा, की झालं मिक्स्चर. प्रमाण चुकलं तर दंड लगेच भरावा लागे. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा व्हायचा, कमी झालं तर मेच्या उन्हात इंजिन जाम. म्हणून प्रत्येक राजदूतवाल्याच्या खिशात प्लगपाना असायचा आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा. पॉइंट घासायचा, प्लग पुसायचा, फुंकर मारायची, किक मारायची. हे करायला मेकॅनिक लागत नसे. सायलेन्सर कार्बनने भरला की गाडी चढावर दम टाकायची. मग तो उतरवून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवत ठेवायचा किंवा सरळ जाळावर धरायचा. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तरतरीत.

सुरुवातीच्या राजदूतांना पुढच्या चाकालाही मागच्यासारखा झुलता दांडा आणि दोन शॉकॲब्सॉर्बर असायचे. दिसायला ते अवजड, पण बैलगाडीच्या चाकोरीतून ओझं घेऊन जाताना पुढचं चाक जमीन सोडत नसे. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये थापली जाऊन चाक अडायचं, मग बांधावर बसून काठीने ती उकरायची. अशा वाटेवर वेगाचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो पहिल्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढत राहण्याचा, आणि तेवढं या गाडीत भरपूर होतं.

धंतोलीत राहिल्यामुळे मला या गाडीचं आणखी एक रूप जवळून दिसलं. जसजसे इथे दवाखाने वाढत गेले तसतसे काटोल, सावनेर, उमरेड, कुहीकडचे लोक पेशंटला घेऊन इथे येऊ लागले. एसटीची वेळ साधली नाही की राजदूत निघायची. मुलगा पुढे, मध्ये लुगड्यात गुंडाळलेली म्हातारी, मागे तिला कवेत धरून बसलेला आणखी कोणी. परतताना त्याच गाडीवर औषधांची पिशवी, सीताबर्डीवरून घेतलेलं सामान आणि कॉटन मार्केटातून उचललेली भाजीच्या बियाण्याची पाकिटं. संत्र्याच्या दिवसांत उलट. येतानाच हँडलला संत्र्याची पिशवी, डॉक्टरसाहेबांसाठी. तपासणीची फी वेगळी आणि ही संत्री वेगळी, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

कंपनीलाही आपली गाडी खेड्यात रमली आहे हे चांगलं कळत होतं. जाहिरातीत धर्मेंद्र यायचा, पंजाबच्या खेड्यातून आलेला रांगडा नायक, आणि ती निवड अगदी अचूक होती. शहरी तरुणांसाठी वेगळे प्रयत्नही झाले. लहान चाकांची राजदूत जीटीएस १७५ ऋषी कपूरने १९७३ च्या ‘बॉबी’त चालवली, आणि त्या गाडीला पुढे लोक ‘बॉबी’च म्हणू लागले. मग १९८३ मध्ये आली राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती : दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. पहिल्या आवृत्तीची ताकद साडेतीस अश्वशक्ती, नंतर पेट्रोल वाचावं म्हणून ती २७ वर आणली. मूळ जपानी गाडीच्या पुढच्या डिस्क ब्रेकऐवजी इथे ड्रम ब्रेक बसवला होता. तेवढा वेग आणि तेवढा ब्रेक यांचं गणित जुळत नव्हतं, त्यातून तिच्याबद्दल भीतीच्या गोष्टी पसरल्या. किंमत जास्त, पेट्रोल भरमसाट, सुटे भाग दुर्मीळ. दशक संपेपर्यंत ती थांबली.

इथेच माझा जीव अडकतो. १७५ आणि ३५०, दोन्ही गाड्यांच्या टाकीवर नाव एकच. त्यातली एक सहा-सात वर्षांत बाजारातून गेली आणि आज तिच्यासाठी लोक लाखांच्या गोष्टी करतात, महेंद्रसिंग धोनीसारखा माणूस ती जपून ठेवतो. दुसरी तीन-चार दशकं रोज पहाटे उठून कामाला गेली, आणि भंगारवाल्याने वजन करून नेली. मला आरडीचा राग नाही. तिच्या पिकअपची मजा ज्याने एकदा घेतली तो ती विसरू शकत नाही. पण जी गाडी हौसेची होती तिचे फोटो काढले गेले, आणि जी कामाची होती तिचे कोणी काढलेच नाहीत. आमच्या गल्लीतल्या अल्बमांत लग्नाच्या वरातीतली येझदी आहे, नव्या स्कूटरला हार घालून उभी असलेली कुटुंबं आहेत. गवळीभाऊंच्या राजदूतचा एकही फोटो नाही, आणि ती तर वर्षाचे ३६५ दिवस यायची.

कॉलेजात तर ‘दूधवाल्याची गाडी’ हा टोमणाच होता. वडिलांची राजदूत घेऊन येणारा माझा एक वर्गमित्र ती कॉलेजच्या फाटकाबाहेर दूर लावायचा आणि चालत आत यायचा. पोट्ट्यांच्या टिंगलीत तेव्हा मीही होतो, आणि आज त्याची खंत वाटते. त्याचे वडील गावोगाव फिरून गुरांना लस टोचायचे. त्या गाडीवर किती गावांची जनावरं वाचली असतील याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता.

१९८४ नंतर चित्र भराभर बदललं. जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या : इंड-सुझुकी, हीरो होंडा, आरएक्स १००, कावासाकी बजाज. त्यांतली १९८५ ची हीरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको, धूर नाही, आणि एका लिटरमध्ये राजदूतच्या दुप्पट अंतर. दूधवाल्याने हिशेब मांडला आणि तो बरोबरच होता. पुढे १९९६ आणि २००० चे प्रदूषणाचे नियम टू-स्ट्रोकला पेलणारे नव्हते. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एस्कॉर्ट्सचा मोटारसायकलीचा धंदा २००१ पर्यंत पूर्णपणे यामाहाच्या हाती गेला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आलं, राजदूत मात्र परत आली नाही.

तरीही ती संपलेली नाही. नागपुरात अजून काही जुने मेकॅनिक आहेत, ज्यांचा हात या इंजिनावर डोळे मिटून चालतो. त्यातल्या एकाकडे मी अधूनमधून नुसता बसायला जातो. कडुनिंबाखाली त्याचं दुकान, म्हणजे एक पेटी आणि एक बाकडं. जुनी पिस्टन रिंग मिळत नाही तेव्हा तो दुसऱ्या गाडीची घासून बसवतो, क्लच प्लेटा आवाजावरून ओळखतो. मी एकदा विचारलं, एवढी मेहनत कशाला? तो म्हणाला, “भाऊ, हे गाडी लपवत नाही काही. काय दुखते ते सांगते.”

आता सांभाळणाऱ्यांना कागदांचीही काळजी घ्यावी लागते. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं. त्याची दुचाकीची फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये २,०००. शिवाय पर्यावरण कर. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं : फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी दहा वर्षांची, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. पहिल्या राजदूती आता या वयाच्या झाल्या आहेत. पण रोज वापरायची नाही ही अट वाचताना मला गवळीभाऊ आठवतात. रोजच्या वापराखेरीज या गाडीचं दुसरं आयुष्यच नव्हतं. नवीन ॲल्युमिनियमची नंबरप्लेट लावताना एमएच-३१ च्या आधीची, एम ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांची, पेंटरने हाताने रंगवलेली पाटी काही जण काढून घरात जपून ठेवतात. ते मला फार बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यासमोर एक राजदूत उभी दिसली. टाकीचा काळा रंग उडून खालचा पत्रा दिसत होता, पण किकचं रबर नवं होतं आणि चेनला ताजं ऑइल. मागच्या कॅरिअरचे हूक अजून तसेच. शेजारी पायरीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, डोक्याला मफलर. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सुटीची वाट पाहत होते. तेवढ्यात एक तरुण तिथे आला. गाड्यांचा शौकीन असावा, कारण त्याने वाकून आधी इंजिन नंबर पाहिला. मग अदबीने विचारलं, “काका, देता का ही? चांगले पैसे देतो. पूर्ण नवी करून घेईन.”

म्हाताऱ्यांनी गाडीकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या दाराकडे.

“मंग घरी कायच्यावर जाऊ, भाऊ?”

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या, डोळ्याला हिरवी पट्टी. त्या नवऱ्याच्या खांद्याला धरून मागे बसल्या. पहिली किक वाया गेली, दुसरीही. त्यांनी चोक ओढला, टाकीवर एकदा हात फिरवला आणि तिसरी मारली. गल्लीभर निळसर धूर पसरला. मी आणि तो तरुण, दोघेही बाजूला सरकलो. उमरेडकडे जायला त्यांना पुढच्या चौकात वळायचं होतं. वळणावर त्यांनी रेस सोडली आणि ती पोकळ टणटण पुन्हा एकदा धंतोलीत ऐकू आली.