हं, ना, की, म्हणे : बोलण्यातल्या लहान शब्दांचं काम

दार अर्धं उघडं आहे, पाहुणे चपला घालताहेत.

'येतो हं.'
'बसा की थोडं.'
'नको, उशीर झालाय ना.'
'बरं, या मग.'

यातले हं, की, ना, बरं आणि मग काढून पाहा. 'येतो. बसा थोडं. नको, उशीर झालाय. या.' माहिती तेवढीच राहिली, पण आता दोघांचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. निबंध लिहिताना हे शब्द गाळायला आपण शिकतो आणि हळूहळू त्यांना बोलण्यातली अडगळ समजू लागतो. प्रत्यक्षात त्यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि कामही.

का, ना, की

'येतोस का?' असं विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. 'येतोस ना?' विचारणाऱ्याने होकार गृहीत धरलेला असतो, त्याला फक्त दुजोरा हवा असतो. 'येतोस की नाही?' म्हणजे वाट पाहून झाली, आता काय ते सांग. आणि त्यावर 'येतो की!' असं उत्तर आलं, तर त्यात 'हे काय विचारणं झालं?' हेही आलं. आज्ञेला जोडले की हेच शब्द तिची धार काढून घेतात. 'बस' हा हुकूम, 'बस ना' ही विनवणी, 'बस की' हा आग्रह.

एका 'च'ची किंमत

'मीच उद्या येतो' म्हणजे दुसऱ्या कोणाला पाठवत नाही. 'मी उद्याच येतो' म्हणजे परवावर ढकलत नाही. 'मी उद्या येतोच' म्हणजे काहीही झालं तरी. शब्द तेच, 'च' तेवढा जागा बदलतो आणि दरवेळी वेगळी शक्यता बाद करतो. जोर आवाजानेही देता येतो, पण मराठीत त्यासाठी एक अक्षर राखून ठेवलेलं आहे.

'म्हणे' : ऐकीव माहितीची खूण

'त्याची बदली झाली' या वाक्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. 'त्याची बदली झाली म्हणे' असं म्हटलं की तो फक्त कानावर आलेलं पुढे सांगतो. तुर्की भाषेत अशी खूण क्रियापदाच्या प्रत्ययातच असते. आपण 'म्हणणे' या क्रियापदाचं एक रूप त्या कामाला लावलं. तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, तर अविश्वास दाखवतो : 'म्हणे, वेळच मिळाला नाही!'

तो हा, ती ही, ते हे

'अगं, ती ही दे ना... किसणी!' नेमका शब्द आठवेना, म्हणून 'ही' म्हणून वेळ मारून नेली. पण नीट ऐका : किसणी आठवत नव्हती, तरी ती स्त्रीलिंगी आहे हे जिभेला ठाऊक होतं. झारा हवा असता, तर 'तो हा' आलं असतं. विभक्तीही चुकत नाही : 'त्या ह्याच्याकडे गेलो होतो, आपल्या सुताराकडे.' वरवर अडखळणं वाटतं, पण त्यातही व्याकरण शाबूत असतं.

ऐकणाऱ्याचं काम

संभाषणात एकाचं संपताच दुसरा सुरू होतो, फारशी टक्कर न होता. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेगलॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली या पाळीपाळीने बोलण्याचे नियम मांडले. पुढे २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांची तुलना झाली. त्यात प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. चित्र पाहून त्यातल्या वस्तूचं नाव तोंडातून निघायलाही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण उत्तर जुळवत असतो आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाजही बांधत असतो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं आणि त्याच्याही मागून ना, का, की येतात. त्यामुळे हे शब्द ऐकणाऱ्याला सांगतात : माझं झालं, आता तू बोल.

बोलण्याची पाळी नसतानाही ऐकणारा गप्प नसतो. गोष्ट सांगताना आजी नातवंडांकडून हुंकार मागते, कारण हुंकार थांबला की मूल झोपलं. फोनवर आपण मधूनमधून 'हं' म्हणालो नाही, तर पलीकडून लगेच 'हॅलो, ऐकतोयस ना?' येतं. नीट ऐकू आलं नाही, तर 'अं?' आहेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकतीस भाषांमधले असे उद्गार तपासले गेले. एकमेकांशी काही नातं नसलेल्या भाषांतही ते आश्चर्य वाटावं इतके सारखे निघाले.

'नाही' न म्हणता नाही

होकार चटकन येतो, नकार रेंगाळतो. आधी थोडी शांतता, मग 'म्हणजे... बघू', 'कळवतो', 'जमलं तर येतो'. विचारणाऱ्याला त्या शांततेतच उत्तर मिळालेलं असतं. निरोपातही अशीच काळजी असते. घरून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. दारातल्या त्या पाहुण्यांना यजमान 'या' म्हणतात, 'जा' म्हणत नाहीत.

कागदावर उतरवताना

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले. पात्राच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला त्या नियमांतही मुभा आहे. ही मुभा कथा-कादंबऱ्यांपुरती ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. आज अनेक घरांत आजी-आजोबांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड होतात. त्या लिहून काढताना भाषा 'शुद्ध' करायचा मोह होतो, आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती याच शब्दांना.

आजी सांगते, 'तेव्हा नदीवर पूल नव्हता म्हणे, होडीनेच जायचे.' त्या 'म्हणे'वरून कळतं की होडीचे दिवस आजीने पाहिलेले नाहीत, ते तिने तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले. 'म्हणे' गाळलं, तर ऐकीव आठवण डोळ्यांदेखतची साक्ष होते आणि पूल एक पिढी उशिरा बांधला जातो. आजीने तो शब्द विचार करून वापरलेला आहे. तो तसाच लिहा.