मिडल-अर्थच्या वावड्या

"गॉलमच्या सिनेमाचं पोस्टर आलं, पाहिलंस का?" असा निरोप वर्षातून चार-पाचदा तरी माझ्या फोनवर येतो. पोस्टर दर वेळी नवं असतं, देखणं असतं आणि दर वेळी कुणीतरी हौसेनं घरी बसून बनवलेलं असतं. पाठवणारा मित्र शहाणासुरता, नोकरीत मोठ्या हुद्द्यावर, एरवी बँकेचा मेसेजही दोनदा तपासून उघडणारा. पण 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' म्हटलं की त्याची चौकस बुद्धी रजेवर जाते. माझीही जाते, म्हणून त्याला हसण्याचा हक्क मला नाही. या चित्रपटांभोवती गेली पंचवीसेक वर्षं जी बातम्यांची आणि अफवांची जत्रा भरली आहे, तिच्यातलं खरं काय आणि पेरलेलं काय, एवढं मात्र एकदा बसून निवडून ठेवावंसं वाटलं.

ताज्या उत्साहापासूनच सुरुवात करू.

"पीटर जॅक्सन पुन्हा दिग्दर्शन करतोय!"

नाही. ९ मे २०२४ रोजी 'द हंट फॉर गॉलम' या चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हाच दिग्दर्शक म्हणून अँडी सर्किसचं नाव सांगितलं गेलं. मूळ चित्रपटांत गॉलमला देह आणि आवाज देणारा नट तो हाच, आणि नव्या चित्रपटातही गॉलम तोच आहे. मूळ चित्रपटांचा दिग्दर्शक जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स हे जुनं त्रिकूट निर्मितीच्या बाजूला आहे. जॅक्सनचं नाव यादीत दिसलं की लोक पुढचं वाचतच नाहीत, तिथून हा घोळ होतो. सर्किस काही नवशिका नव्हे. 'हॉबिट'च्या चित्रपटांत दुसऱ्या चित्रीकरण पथकाचं दिग्दर्शन त्यानं केलं होतं, पुढे स्वतःचे चित्रपटही केले. प्रदर्शनासाठी आधी २०२६ साल सांगितलं होतं, नंतर १७ डिसेंबर २०२७ ही तारीख जाहीर झाली. सध्या फिरणाऱ्या निम्म्या पोस्टरांवर अजून जुनंच साल आहे. खोटं पोस्टर ओळखायची ही त्यातल्या त्यात सोपी खूण.

"ही गोष्ट पुस्तकात नाहीच, ओढूनताणून काढलीय"

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा आक्षेप घेणारे बहुतेक जण चित्रपट पाहिलेले आणि पुस्तक न वाचलेले असतात. चित्रपटात बिल्बोचा वाढदिवस होतो, अंगठी फ्रोडोकडे येते, गँडाल्फ घाईनं निघून जातो आणि जरा वेळानं केस विस्कटलेल्या अवस्थेत परत येतो. पाहणाऱ्याला वाटतं, गेले असतील काही महिने. पुस्तकात ही मधली फट तब्बल १७ वर्षांची आहे! त्या काळात गँडाल्फ आणि अ‍ॅरागॉर्न गॉलमला शोधत फिरतात. गॉलम मॉर्डोरमध्ये शत्रूच्या हाती सापडतो, छळ होऊन त्याच्या तोंडून 'शायर' आणि 'बॅगिन्स' हे दोन शब्द बाहेर पडतात, तो सुटतो, आणि शेवटी मेलेल्यांच्या दलदलीत अ‍ॅरागॉर्न त्याला पकडून उत्तरेकडच्या एल्फ राजाच्या ताब्यात देतो. हे सगळं मूळ कादंबरीचे लेखक टॉल्किन यांनी लिहिलेलंच आहे. पण ते पात्रांच्या बोलण्यातून आणि शेवटच्या परिशिष्टातल्या कालपटातून येतं, सगळं मिळून काही पानांत. तेव्हा गोष्ट पुस्तकातली आहे, तिचा अख्खा चित्रपट करण्याएवढा तपशील मात्र पुस्तकात नाही. भांडायचं असेल तर या दुसऱ्या मुद्द्यावर भांडा, तिथे जागा आहे.

मराठी वाचकाला हे स्वतः पडताळता येईल. मुग्धा कर्णिक यांनी या महाकादंबरीचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद केला आहे, आणि 'हॉबिट'ही मीना किणीकर यांनी मराठीत आणलं आहे. पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सची ही पुस्तकं.

"हा सिनेमा तर मी यूट्यूबवर पाहिलाय"

हे म्हणणारा थापा मारत नसतो. २००९ मध्ये क्रिस बूशार या ब्रिटिश दिग्दर्शकानं चाहत्यांची फौज जमवून याच नावाचा सुमारे ४० मिनिटांचा चित्रपट बनवला होता. खर्च तीन हजार पौंडांच्या आसपास, काम करणारे हौशी, आणि इंटरनेटवर फुकट. कपडेपट आणि जंगलातली दृश्यं पाहून एवढ्या पैशात हे जमलं यावर विश्वास बसत नाही. मे २०२४ मध्ये मोठ्या चित्रपटाची घोषणा झाली आणि लगेच हा छोटा चित्रपट कॉपीराइटच्या दाव्याखाली यूट्यूबवरून गायब झाला. चाहत्यांनी आरडाओरडा केला, आणि एका दिवसात तो परत आला. दोन्हींचं नाव एक, मूळ कथाबीज एक, बाकी काडीचा संबंध नाही.

"'रिंग्ज ऑफ पॉवर' म्हणजे याच सिनेमांची आधीची गोष्ट"

काळाच्या हिशेबानं आधीची, पण या चित्रपटांच्या कुळातली नाही. ती अ‍ॅमेझॉनची मालिका, २०२२ मध्ये आलेली. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉननं टॉल्किन कुटुंबाच्या न्यासाशी करार करून दूरचित्रवाणीचे हक्क घेतले. चित्रपटाचे हक्क वेगळ्या वाटेनं गेले होते: १९६९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स, १९७६ मध्ये निर्माता सॉल झेन्ट्झ, आणि त्यांच्या कंपनीकडून २०२२ मध्ये एम्ब्रेसर या स्वीडिश उद्योगसमूहाकडे. गोंधळ व्हायला मात्र सबळ कारण आहे. मालिकेचं पहिलं पर्व न्यूझीलंडमध्येच चित्रित झालं आणि शीर्षकसंगीत हॉवर्ड शोर यांचं, म्हणजे चित्रपटांच्याच संगीतकाराचं. घर वेगळं असलं तरी तोरण तेच दिसतं. 'सिल्मरिलियन'वर जॅक्सनचा सिनेमा येतोय, ही वावडीही याच हक्कांच्या भिंतीवर आपटून फुटते. ते पुस्तक झेन्ट्झच्या करारात कधी नव्हतंच.

(संगीताचा विषय निघालाच आहे तर: चित्रपटांना ए. आर. रहमान यांचं संगीत नाही. त्यांनी फिनलंडच्या व्हार्टिना या गटासोबत संगीत दिलं ते २००६ मध्ये टोरांटोत रंगमंचावर आलेल्या संगीत-नाटकाला.)

"विस्तारित आवृत्ती म्हणजेच दिग्दर्शकाचा खरा सिनेमा"

चाहत्यांच्या बैठकीत हे वाक्य वेदवाक्यासारखं उच्चारलं जातं. तिन्ही चित्रपट थिएटरमध्ये अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे होते. विस्तारित आवृत्त्यांची बेरीज श्रेयनामावलीतली चाहत्यांची नावं सोडूनही सव्वाअकरा तासांच्या वर जाते. मोठा तो खरा, असं आपण धरून चालतो. पण जॅक्सननं वेळोवेळी सांगितलं आहे की थिएटरमध्ये आलेला चित्रपट हाच त्याचा दिग्दर्शकीय चित्रपट. स्टुडिओनं त्याच्यावर लादलेली ती काटछाट नव्हती. विस्तारित रूप हे कथेतल्या मिडल-अर्थ या जगात जास्त वेळ रमू इच्छिणाऱ्यांसाठी केलेलं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिला चित्रपट विस्तारित रूपात फुलतो आणि तिसरा थोडा दमवतो.

याच ओघात आणखी एक: तिन्ही चित्रपट एका दमात चित्रित झाले, मग फक्त जोडकाम उरलं, हेही अर्धसत्य आहे. मुख्य चित्रीकरण ११ ऑक्टोबर १९९९ ते २२ डिसेंबर २०००, म्हणजे २७४ दिवस, एकत्र झालं हे खरं. पण नंतर दर वर्षी कलाकारांना बोलावून भर घातली जात होती. कवट्या घरंगळत येण्याचं एक दृश्य तर तिसऱ्या चित्रपटानं २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर जिंकल्यानंतर विस्तारित आवृत्तीसाठी चित्रित झालं. पारितोषिक मिळाल्यावरही काम चालू असलेला सिनेमा!

"हे फॅनचं वेड इंटरनेटनं आणलं"

या समजुतीचा मला सगळ्यात राग येतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं. टॉल्किन यांच्या लेखी ती एकच कादंबरी. तीन तुकडे झाले ते प्रकाशकाच्या खर्चाच्या गणितामुळे. १९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनानं लेखकाला न विचारता ७५ सेंटची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. त्यांच्या मते अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या नियमांत फट होती. टॉल्किन तेव्हा सत्तरीच्या पुढचे, ऑक्सफर्डचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी काय करावं? अमेरिकेतून येणाऱ्या चाहत्यांच्या पत्रांना ते उत्तरं देत, त्यात ही आवृत्ती अनधिकृत असल्याचं कळवू लागले. बॅलन्टाइननं काढलेल्या ९५ सेंटच्या अधिकृत आवृत्तीवर त्यांचं निवेदन छापलं गेलं. बातमी पत्रांतून, कॉलेजांतून, हस्तलिखित-सायक्लोस्टाइल अंकांतून पसरली. वाचकांनी वीस सेंट जास्त मोजले, दुकानदारांना जाब विचारला. अखेर एसनं मानधन दिलं आणि पुन्हा न छापण्याचं कबूल केलं.

हे सगळं पोस्टाच्या तिकिटांवर झालं. त्याच वर्षी अमेरिकेत टॉल्किन सोसायटी निघाली, १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये व्हेरा चॅपमन यांनी काढलेली आजही चालू आहे. 'फ्रोडो जिवंत आहे' अशा अर्थाचे बिल्ले छातीवर लावून तेव्हाची कॉलेजची पोरं हिंडत होती.

इंटरनेटनं वेग दिला, हे मान्य. ७ एप्रिल २००० रोजी पहिली झलक नेटवर टाकली गेली, तेव्हा २४ तासांत १७ लाख वेळा ती उतरवून घेतली गेली. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या, मध्येच कुणी फोन उचलला की तुटणाऱ्या इंटरनेटचा तो काळ. दोन-अडीच मिनिटांच्या चित्रफितीसाठी लोक तासन् तास पडद्यासमोर बसून होते.

"फॅननी दबाव आणला आणि सिनेमा बदलला"

यावर दोन्ही टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतात, चाहत्यांनीच आर्वेनला हेल्म्स डीपच्या लढाईतून हाकललं. दुसरे म्हणतात, स्टुडिओ कुणाला भीक घालत नाही.

आर्वेनचं प्रकरण खरं आहे. आर्वेन झालेल्या लिव्ह टायलरनं तलवारबाजी शिकून त्या लढाईतली काही दृश्यं दिली होती. बातमी फुटली, आणि त्या वेळच्या झीना या टीव्हीवरच्या लढवय्या नायिकेशी नाव जोडून चाहत्यांनी तिची भरपूर टवाळी केली. पुढे ती दृश्यं वगळली. पण पटकथा लिहिणाऱ्यांनी नंतर दिलेलं कारण वेगळं होतं: आर्वेनचं बळ दाखवायला तिच्या हाती तलवार द्यावी लागत नाही, हे उमगल्यावर ते टॉल्किन यांच्या परिशिष्टातल्या प्रेमकथेकडे परतले. टवाळीचा त्यात काही वाटा असेलही, पण श्रेय उपटावं इतका पुरावा नाही.

उलट उदाहरण सारुमानची भूमिका करणाऱ्या क्रिस्टोफर ली यांचं. तिसऱ्या चित्रपटातून सारुमानचा प्रसंग कापल्याचं २००३ च्या नोव्हेंबरात कळलं. हजारो चाहत्यांनी सह्या केल्या, ली स्वतः इतके दुखावले की पहिल्या खेळाला गेले नाहीत. टॉल्किन यांना प्रत्यक्ष भेटलेला कलावंतांमधला हा एकमेव माणूस. तरी प्रसंग थिएटरमध्ये आला नाही तो नाहीच. विस्तारित आवृत्तीत मिळाला.

मग चाहत्यांमुळे खरंच काय बदललं? एक बिनानावाचा एल्फ. पहिल्या चित्रपटात, एलरॉण्डच्या सभेत फ्रोडो अंगठी नेण्याचं कबूल करतो, त्या भारावलेल्या क्षणी मागे जेमतेम तीनेक सेकंद एक देखणा, गंभीर एल्फ दिसतो. 'फ्रोडो इज ग्रेट... हू इज दॅट?' अशी एका चाहतीची अवस्था झाली, आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचं बारसं झालं: फिग्विट. त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. जॅक्सनच्या कानावर हे गेलं आणि तिसऱ्या चित्रपटात, आर्वेनच्या प्रवासात, केवळ चाहत्यांची गंमत म्हणून फिग्विटला बोलायला संवाद दिला. तो नट ब्रेट मॅकेन्झी, पुढे 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स' या विनोदी जोडीतून गाजला आणि २०१२ मध्ये गीतासाठी ऑस्कर घेऊन गेला. आणखी गंमत म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या आरंभी दिसणारा राजा एलेन्डिल हा त्याचा खरा बाप, पीटर मॅकेन्झी. बापाला राजपद, पण चाहते मिळाले पोराला.

'द टू टॉवर्स' हे नाव ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बदला, अशी सह्यांची मोहीम चाहत्यांनी चालवली, असंही ऐकायला येतं. ती मोहीम मुळात थट्टा होती. काहींनी ती मनावर घेतली, इतकंच. नाव १९५४ चं आहे.

"स्टुडिओला फॅन म्हणजे डोकेदुखी"

सुरुवातीला होती. चित्रीकरणाच्या काळात 'टेहानू' हे टोपणनाव घेऊन बातम्या देणारी न्यूझीलंडची एक चाहती सेटच्या आसपास हिंडताना आढळली, तेव्हा तिच्या हातात पुन्हा इथे पाऊल टाकू नये अशी रीतसर नोटीस ठेवली गेली. काही काळानं त्याच बाईंना सेट पाहायला सन्मानानं बोलावणं आलं. हाकलण्यापेक्षा आत घेतलेलं बरं, हे जॅक्सनच्या लोकांना लवकर कळलं. २९ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिसऱ्या चित्रपटानं ११ नामांकनांतली ११ ऑस्करं जिंकली, आणि जॅक्सन व त्याची मंडळी त्या बाहुल्या हातात घेऊन चाहत्यांनी हॉलीवूडमध्ये स्वतःच्या पैशानं ठेवलेल्या मेजवानीला गेली.

आणि नोव्हेंबर २००२ मध्ये आलेली पहिल्या चित्रपटाची विस्तारित आवृत्ती घरी असेल, तर शेवटी टीव्ही बंद करू नका. कलाकार आणि तंत्रज्ञांची नावं संपली तरी पट्टी सरकतच राहते. सुमारे वीस मिनिटं नुसती नावं, अधिकृत फॅन क्लबाचे पैसे भरून सभासद झालेल्यांची. कुणीही सामान्य माणसं, ओळीनं. माझा पोस्टर पाठवणारा मित्र अजून दरवेळी ती सगळी यादी पाहतो. त्यानं तेव्हा सभासदत्व घेतलं नव्हतं.